संशोधन संस्थेला स्वतःची जागा बांधायचीय, तेही विदर्भातल्या खेड्यात? मग हे आधी वाचा

बारा वर्षं आमची संस्था एका बंद पडलेल्या जिनिंगच्या ऑफिसात भाड्यानं चालली. माती-पाणी तपासायचं आणि कोरडवाहू कपाशी-तुरीवर छोटे प्रयोग करायचे, एवढंच काम. सरकारी नाही, युनिव्हर्सिटीचं नाही, सात जणांचा ट्रस्ट आणि पाच पगारी माणसं. वर पत्रे, मे महिन्यात आतमध्ये तराजू ठेवला तर आकडा स्थिर व्हायचाच नाही. मग एकदाचं ठरवलं की आपली जागा बांधायची, आणि सगळ्यात आधी काय केलं? उद्घाटनाची तारीख काढली. 2 ऑक्टोबर. वर्धा जिल्हा, गांधी जयंती, पाहुणे पण मिळाले, पत्रिका छापल्या.

2 ऑक्टोबरला फीत कापली तेव्हा मागे भाड्याचा जनरेटर धडधडत होता, कारण थ्री फेज आलीच नव्हती. पाहुण्यांना जे मशीन दाखवलं ते नुसतं टेबलावर ठेवलेलं होतं. पहिला खरा नमुना आम्ही फेब्रुवारीत तपासला. म्हणून हे लिहितेय. खालचा क्रम आम्ही केला तो नाही, करायला पाहिजे होता तो आहे.

1. जमीन कोणाच्या नावावर घेणार ते आधी नक्की करा

महाराष्ट्रात बहुतेक अशा संस्था 1860 च्या सोसायटी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली, दोन्हीकडे नोंदलेल्या असतात, काही जण कलम 8 ची कंपनी काढतात. तुमचं जे असेल ते असो, पण शेतजमीन बघायला लागलात की अडचण येते. आपल्याकडे 1958 चा विदर्भासाठीचा वेगळा कूळ कायदा लागतो, त्याचं कलम 89 सांगतं की जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. ट्रस्ट शेतकरी नसतो. पुण्याच्या वकिलाला विचारलं तर तो कलम 63 सांगेल, ते तिकडचं, आपलं नाही. वकील नागपूर-अमरावतीकडचाच बघा.

इथे सगळेजण एक शॉर्टकट सुचवतात, "आपल्या अमुक भाऊंकडे सातबारा आहे, त्यांच्या नावावर घेऊ, नंतर ट्रस्टला देऊन टाकू." नका करू. भाऊ चांगलेच असतात हो, पण भाऊंना मुलं असतात, सुना असतात, आणि भाऊ कायम राहत नाहीत. मला माहीत असलेल्या एका संस्थेची प्रयोगशाळा आज तिच्याच संस्थापकाच्या वारसांची भाडेकरू आहे.

दुसरी गोष्ट, जमीन एकदा ट्रस्टच्या नावावर चढली की विकायला किंवा लांबच्या मुदतीनं भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, 1950 च्या न्यास कायद्याचं कलम 36. म्हणजे चुकीची जागा घेतली तर "विकून दुसरी घेऊ" हे बोलायला सोपं आहे फक्त. ट्रस्टच्या पैशातून स्थावर घ्यायला कोणती मंजुरी लागेल हे पण वकिलाकडून लेखी घ्या, आणि विश्वस्तांचा ठराव रक्कम, गट नंबर सगळं टाकून इतिवृत्तात लिहा. आमच्या पहिल्या ठरावात "योग्य ती जागा घ्यावी" एवढंच होतं, बँकेनं तो परत पाठवला.

2. सातबारा स्वतः वाचायला शिका

डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन 15 रुपयांत निघतो. एजंटला पाचशे देण्याआधी तो काढा आणि पोहे खाता खाता वाचा.

काय बघायचं? भोगवटादार वर्ग 1 आहे की वर्ग 2. वर्ग 2 असेल तर ती शासनानं दिलेली किंवा अटींची जमीन, परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मग इतर हक्काचा रकाना, तिथे बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, विहिरीतला हिस्सा असं काहीही निघू शकतं. मालक आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम 36 आणि 36अ, तिथे आपण जायचंच नाही असं आमचं मत आहे, परवानगी मिळण्यासारखी असली तरी.

आणि आता नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांवाल्यांनी नीट वाचा. झुडपी जंगल. बघायला गेलं तर नुसती बरड, चार बोरीची झुडपं, ढोरं चरतात, आणि सरपंच म्हणतो "हे पडीकच आहे, संस्थेले देऊन टाकू." पण जुन्या सीपी-बेरारच्या (मध्य प्रांत-वऱ्हाडच्या) रेकॉर्डपासून ती नोंद झुडपी जंगल अशी चालत आलेली असते. 22 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल ही वनजमीनच धरायची. म्हणजे वन संवर्धन कायदा, म्हणजे केंद्राची मान्यता. आम्हाला सुरुवातीला फुकट मिळणारी जी तीन एकर जागा होती ती हीच होती, आणि आम्ही तिथे नारळ पण फोडला होता!

सातबाऱ्यावर कळलं नाही तर निस्तार पत्रक बघा, तलाठ्याकडे असतं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात तलाठीच म्हणतात). गुरचराई, स्मशान, खळवाडी, गावाचे काय काय हक्क कुठल्या नंबरात आहेत ते त्यात लिहिलेलं असतं. ताडोबा, बोर, पेंच, मेळघाट, उमरेड-कऱ्हांडला यांच्या आसपास असाल तर इको सेन्सिटिव्ह झोनचा नकाशा पण काढा.

फाईलमध्ये हे सगळं पाहिजे, एक जरी कमी पडलं तरी तालुक्याची एक चक्कर वाढते:

- सातबारा आणि आठ-अ, ताजे
- निदान तीस वर्षांचे फेरफार (जुने मोडी लिपीत निघाले तर वाचणारा शोधा, आमचा एक तसा निघाला)
- भूमी अभिलेखकडची मोजणी, "क" प्रत. ही खरेदीच्या आधी करून घ्या, नंतर नाही. धुरा (बांध) सरकलेला असतोच
- गट नकाशा आणि त्यावर रस्ता
- ट्रस्टचं नोंदणी प्रमाणपत्र, परिशिष्ट-1 चा उतारा, घटना, पॅन, तीन वर्षांचे ऑडिट
- विश्वस्तांचा ठराव, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र
- अकृषिक परवानगी (तुमच्या जागेला लागत असेल तर), नगर रचनाकडून मंजूर नकाशे, ग्रामपंचायतीचा नाहरकत ठराव

प्रत्येकाच्या चार झेरॉक्स. आणि तालुक्याला लग्नसराईत जाऊ नका, कोणी भेटत नाही.

3. जागा जुलैत बघा

सगळेजण जागा जानेवारीत बघतात. हवा छान, तुरी उभ्या, रस्ता कडक. तीच जागा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बघा. आमच्या जागेला जायला पांदण आहे, नकाशावर पण आहे, पण पावसात तिथे मोटारसायकल सोडा, माणूस चप्पल हातात घेऊन चालतो. शेजारच्या बाबाजींनी सौदा व्हायच्या आधीच सांगितलं होतं, "कायले घेता हे वावर? पावसाळ्यात बैल बी फसते इथं." आम्हाला वाटलं त्यांना स्वतःला घ्यायचं असेल. मग पांदणीवर मुरूम-गिट्टी टाकायला जो खर्च झाला तो कुठल्याच बजेटात नव्हता.

अजून एक, धुऱ्यावरून वाट मिळते ना, जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे ना, असं कोणी म्हणेल. ती वाट शेत कसायला असते. तुमचा मशीनचा ट्रक आणि रोजची ये-जा त्यात बसवायला गेलात की शेजाऱ्याशी पहिल्याच वर्षी भांडण. रस्त्याचा हक्क खरेदीखतातच लिहून घ्या.

जवळ गिट्टी क्रशर किंवा कोळशाची खाण आहे का तेही बघा, वणी-घुग्घुस पट्ट्यात असाल तर नक्कीच. ब्लास्टिंगच्या वेळी चार दशांश दाखवणारा तराजू नाचतो.

4. नारळ फोडायच्या आधी गावाला सांगा

कंपाउंडचे खांब रोवले तेव्हा गावात चर्चा सुरू झाली की "औषधाची फॅक्टरी येऊन राहिली, नाल्यात पाणी सोडन." चूक गावाची नव्हती, आम्ही सरपंच आणि सचिवाला भेटलो होतो, ग्रामसभेत गेलोच नव्हतो. मग गेलो. दीड तास बसलो, मातीचे नमुने, टेस्ट ट्यूब, सगळं घेऊन. एका काकूंनी विचारलं, तुमच्या इथं आमच्या पोरीले काम भेटन का, आणि एकानं विचारलं की आमच्या विहिरीचं पाणी तपासून द्याल का. दोन्हीला हो म्हणालो, लेखी.

गडचिरोलीत मेंढा-लेखा गावात अभ्यासगटाची पद्धत जुनी आहे, बाहेरचा अभ्यासक आणि गावकरी सोबत बसून विषय समजून घेतात. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं ते गाव. आणि सर्च या आरोग्य-संशोधन संस्थेचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असावं, डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 1986 ला गडचिरोलीत काम सुरू केलं, पुढे शोधग्राम हा संस्थेचा परिसर बांधताना दवाखाना कसा हवा ते लोकांना विचारलं, तर लोक म्हणाले मोठी इमारत नको, आमच्या घरांसारखा हवा, आणि नाव माँ दंतेश्वरीचं. आम्ही विचारलं असतं तर पोर्च एवढा मोठा बांधला नसता, तिथे आता फक्त कुत्री झोपतात.

जंगलातले, गावातले वनस्पतींचे नमुने घेणार असाल तर जैवविविधता व्यवस्थापन समिती कोण आहे ते आत्ताच विचारून ठेवा. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे, म्हणजे मुंबईला जायचं काम नाही.

5. काळ्या मातीशी मस्ती नको

यावर मी जास्त लिहिणार, कारण मी मातीवालीच आहे आणि तरी फसले.

आपली काळी माती म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटची, ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. मे महिन्यात भेगेत हात जातो ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. घर त्यावर नुसतं ठेवलं तर घरही तिच्यासोबत वरखाली होतं. गावातल्या मिस्त्रीचं म्हणणं असतं "चार फूट खोदा, दगड भरा, काही होत नाही." त्याच्या घराला होत नाही कारण त्याच्या घरात तराजू नसतो आणि भेग पडली तर तो लिंपून टाकतो. लॅबमध्ये टाईल उचलली, दरवाजा अडकला, फ्यूम हूडचा (ॲसिडची वाफ बाहेर काढणाऱ्या कपाटाचा) पाईप सांध्यातून सुटला म्हणजे काम बंद.

म्हणून आधी माती तपासणी, म्हणजे बांधकामाची, आमच्यासारखी नत्र-स्फुरदाची नाही. बोअर मारून खाली मुरूम किती फुटावर लागतो ते बघतात. उथळ असेल तर मुरमापर्यंत पाया. खोल असेल तर अंडर-रीम्ड पाईल, खाली कांद्यासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब, साधारण साडेतीन मीटर किंवा जास्त खोल, म्हणजे जिथपर्यंत माती हलते त्याच्या खाली. त्यावरची बीम जमिनीला टेकवायची नाही, मध्ये फट ठेवायची, मातीला फुगायला जागा पाहिजे. आमच्या ठेकेदारानं ती फट "उंदीर शिरतील" म्हणून मुरूम ठोकून भरून टाकली होती, नशिबानं दिसलं.

फरशीखालची काळी माती काढून मुरूम दाबून भरा. भिंतीभोवती चार-पाच फूट पक्कं प्लिंथ प्रोटेक्शन, छताचं पाणी पायात मुरता कामा नये. आणि भिंतीजवळ झाड नको, मोठं झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढतं आणि तेवढाच कोपरा खचतो. आमच्याकडे स्टोअररूमच्या कोपऱ्याला एक जुना कडुनिंब होता. इंजिनिअर म्हणाला तोडा नाहीतर खोली सरकवा. खोली सरकवली नाही आणि कडुनिंब पण तोडवला नाही, त्याच्याच सावलीत आम्ही नकाशे बघायला बसायचो.

छतासाठी डबल थर, वरून पांढरा लेप, पश्चिमेला खिडकी नाहीच. उणे 80 चा फ्रीजर ठेवणार असाल तर त्याची खोली उत्तरेला. तो फ्रीजर बाहेर फेकतो त्या उष्णतेचा हिशोब एसीवाल्याला सांगा, तो स्वतःहून विचारत नाही. बांधकामापूर्वी उदईची (वाळवीची) ट्रीटमेंट करा, आमच्या जुन्या जागेत चार वर्षांचे प्रयोगाचे रजिस्टर उदईनं खाल्ले होते.

6. वीज: फीडर कोणता ते विचारा

जागेवर डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आहे बघून आम्ही खुश झालो होतो. लाईनमन भाऊंनी नंतर सांगितलं, "ताई, हे एजीचं, शेतीचं आहे. आठ तास भेटते, ते बी कधी रात्री कधी दिवसा." शेतीच्या फीडरवर थ्री फेज रोटेशननं आठ तास असते. इन्क्युबेटर, फ्रीजर, सगळ्यांना 24 तास पाहिजे. म्हणजे गावठाण फीडरवरून लाईन आणायची, खांब, तार, वेगळा डीपी, एस्टिमेट, मंजुरी, ठेकेदार. आम्हाला सात महिने लागले आणि 2 ऑक्टोबर त्यातच गेला.

म्हणून अर्ज पायाच्याही आधी करा. लोड मोजताना आजची मशीन नाही, पाच वर्षांनंतरची धरा. बिल कुठल्या कॅटेगरीत लागणार ते लेखी घ्या, कमर्शियल लागलं तर दर महिन्याला रडाल. सोलर जरूर लावा, पण रात्री फ्रीजर सोलरवर चालत नाही, बॅटरी किंवा जनरेटर पाहिजेच. अर्थिंग वेगळी, मशीनची आणि विजेच्या तारेची, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा. काळी माती फाटली की अर्थिंग सुटते.

7. पाणी, आणि घाण पाणी

बोअरचं पाणी आधी तपासा. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात खारं, चंद्रपूर-यवतमाळकडे फ्लोराईड, असं आहे आपलं. आरओ लावला तर त्याचं फेकलेलं पाणी कुठे जाणार तेही ठरवा.

माती तपासणाऱ्यांसाठी खास: सेंद्रिय कर्बाची वॉकली-ब्लॅक पद्धत वापरता ना, तर डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ॲसिड आलंच, क्रोमियमवालं ते पाणी नाल्यात सोडायचं नाही म्हणजे नाही. वेगळ्या कॅनमध्ये जमा, प्रदूषण मंडळाची परवानगी, आणि बुटीबोरीला धोकादायक कचऱ्याची सोय आहे तिथे पाठवायचं. रक्त-लघवीचे नमुने असतील तर जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम लागतात. ग्रामसभेत "नाल्यात काही सोडणार नाही" म्हणून सांगितलंय, ते लक्षात ठेवा.

8. सामान हलवणं

एकाच दिवशी सगळं ट्रकमध्ये भरू नका. कंपनीचा इंजिनिअर आल्याशिवाय मोठं मशीन उघडू नका, वॉरंटी जाते. ट्रान्झिट इन्शुरन्स काढा. फ्रीजरचे नमुने रात्री, ड्राय आईसमध्ये, नवा फ्रीजर दोन दिवस आधीच थंड करून.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणीच करत नाही: निदान दोन आठवडे तेच नमुने जुन्या आणि नव्या, दोन्ही जागी तपासा. आमच्या पीएचमध्ये फरक आला नाही, पण पोटॅशमध्ये आला, कारण नवीन पाणी वेगळं होतं. हे केलं नसतं तर पुढच्या वर्षी आम्ही म्हटलं असतं की तालुक्यातल्या जमिनीत पोटॅश वाढलं! पर्जन्यमापक हलवणार असाल तर एक अख्खा पावसाळा दोन्हीकडे ठेवा.

9. पत्ता बदलला हे सगळ्यांना कळवा

धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, 90 दिवसांच्या आत, नवीन मालमत्तेचा आणि पत्त्याचा दोन्हीचा. पॅन, बँक, सीएसआर-1 (कंपन्यांचा सीएसआर निधी घ्यायची नोंदणी), डीएसआयआरची सिरो मान्यता (केंद्राची संशोधन संस्था म्हणून मान्यता) असेल तर ती, परदेशी निधीची नोंदणी असेल तर ती. नाबल (एनएबीएल) हे प्रयोगशाळांचं मानांकन असेल तर आधीच कळवा, नव्या जागेची परत तपासणी होते आणि तोपर्यंत जुना लोगो रिपोर्टवर छापू नका. पोस्टमनला प्रत्यक्ष भेटा. आमचं ग्रँटचं एक पत्र अडीच महिने जिनिंगच्या चौकीदाराच्या खाटेखाली होतं.

10. आता उद्घाटन

मशीन सुरू होऊन एक महिना झाला, वीज टिकली, की मग तारीख काढा. उन्हाळ्यात नको, पेरणीत नको, वेचणीत पण नको. पाहुणा मोठा नसला तरी चालतो. आम्ही दुसऱ्यांदा एक दिवस ठेवला, पत्रिका न छापता, गावातल्या लोकांना आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन यायला सांगितलं आणि त्यांच्या समोर तपासलं. चहा, आलुपोंगे. पांदणीवरचे बाबाजी पण आले, मुरमावरून चालत, आणि काही बोलले नाहीत, नुसते हसले.

त्यानंतर पहिलं वर्ष इमारतीवर लक्ष ठेवा. बारीक भेग दिसली की त्यावर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा आणि पेन्सिलनं तारीख लिहा, भेग हलली तर काच तडकते. आम्ही तीन लावल्या. दोन शाबूत आहेत. तिसरी मे महिन्यात फुटली, स्टोअररूमच्या कोपऱ्यातली, कडुनिंबाकडची.